झोताची वरची कड

१.
दुकानात सायकलच्या दिव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ल्युमेन छापलेले असतात: ४००, ८००, १२००. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचा हा आकडा. तो रस्त्यावर पडतो, झाडांच्या शेंड्यांवर पडतो की समोरच्याच्या डोळ्यांत, हे त्यावरून समजत नाही.

२.
जर्मनीत दिव्याचं माप लक्समध्ये सांगतात, म्हणजे ठरावीक जागी किती प्रकाश पोचतो ते. तिथला नियम असा: पुढच्या दिव्याचा झोत जिथे सर्वांत तेजस्वी असतो तिथे दहा मीटरवर किमान १० लक्स हवेत, आणि त्या जागेच्या ३.४ अंश वर गेलं की २ लक्सपेक्षा जास्त नकोत. किती द्यायचं आणि किती द्यायचं नाही, दोन्ही एकाच कलमात. दिव्यांचे नियम वाचताना मला सगळ्यात जास्त आवडलेलं कलम हेच.

मान्यता मिळालेल्या दिव्यावर नागमोडी रेघ, ‘के’ हे अक्षर आणि क्रमांक असतो. ऑनलाइन विकत घेताना फोटो मोठा करून ही खूण शोधावी.

३.
पौर्णिमेचं चांदणं: साधारण पाव लक्स.

४.
साध्या टॉर्चचा झोत गोल. गोलाचा खालचा अर्धा भाग रस्त्याच्या कामाचा, वरचा अर्धा वाया. वाया जाऊन तो कुणाच्या तरी चेहऱ्यावर पोचतो. बऱ्याच जर्मन दिव्यांत एलईडीचं तोंड आतल्या आरशाकडे असतं आणि रस्त्यावर पडतो तो आरशावरून वळलेला प्रकाश. असा दिवा भिंतीवर पाडून पाहा. वरची कड फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. कडेच्या खाली लख्ख, वर अंधार.

आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक स्वस्त दिवे म्हणजे हँडलला बांधलेला टॉर्चच. त्यांची किंमत ल्युमेनवर ठरते, म्हणून कंपन्या ल्युमेन वाढवतात. गिऱ्हाइकांनी कड मागितली तर कडही मिळू लागेल.

५.
मोटारीचा डिपर देशाप्रमाणे बदलतो: आपल्याकडे झोत डावीकडे थोडा उचललेला, युरोपातल्या बहुतेक देशांत उजवीकडे. सायकलचा झोत सहसा दोन्ही बाजूंना सारखाच. त्यामुळे जर्मन दिवा पुण्यात जसाच्या तसा चालतो.

६.
खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा जितका खाली, पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या माथ्यावर वगैरे, तितकी सावली लांब. दिवा डोळ्यांच्या जवळ आला की सावली खड्ड्यामागेच लपते आणि रस्ता सपाट वाटतो. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर हे माहीत असणं दोनशे जास्तीच्या ल्युमेनपेक्षा मोलाचं.

७.
हेल्मेटवरचा दिवा. पंक्चर काढताना आणि नकाशा वाचताना उत्तम. रस्त्यावर मात्र आपण ज्याच्याकडे बघू त्याच्या डोळ्यांत जातो. समोरच्याने हाक मारली, आपण मान वळवली, की तो आंधळा.

८.
पहाट. लॉ कॉलेज रस्ता. फिरायला निघालेले आजी-आजोबा फुटपाथ तुटलेला म्हणून रस्त्याच्या कडेने चाललेत. समोरून चार सायकली, चारही दिवे पूर्ण ताकदीवर. आजोबा थांबतात, काठी टेकतात, दुसरा हात कपाळावर धरतात. सायकली गेल्यावरही ते लगेच चालू लागत नाहीत.

९.
प्रखर प्रकाशात बाहुली झटकन लहान होते. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला मात्र वीस-तीस मिनिटं लागतात. शिवाय वयाबरोबर डोळ्याच्या आतच प्रकाश जास्त विखुरतो. पासष्टीच्या आसपास हे विखुरणं तरुणपणाच्या दुप्पट झालेलं असतं. मोतीबिंदू असेल तर त्याहून जास्त. पंचविशीतल्या मुलाला नुसता त्रासदायक वाटणारा झोत आजोबांच्या पुढचा रस्ताच पुसून टाकतो.

१०.
ताशी साठच्या वेगाने येणारी मोटार सेकंदाला सतरा मीटर पुढे येते. तिच्या चालकाचे डोळे दोन सेकंद दिपले तर तेवढ्यात तिने तेहतीस मीटर कापलेले असतात, आणि रस्ता अरुंद असेल तर त्या तेहतीस मीटरांत आपणही असतो.

११.
ट्रकच्या मागे: यूज डिपर ॲट नाईट.

सायकलला बहुधा डिपर नसतो. घाटात समोरून कुणी आलं की दिव्याच्या वरच्या बाजूला तळवा आडवा धरणारे काही सायकलवाले आहेत. एक हात ब्रेकवरून काढावा लागतो, म्हणून उतारावर हे करू नये. पण चढावर कुणी असा हात धरला की समोरून येणारा आपलाही डिपर देतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

१२.
लुकलुकणारा दिवा. जर्मनीत मनाई. ब्रिटनमध्ये २००५ पासून परवानगी, मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकावा. डेन्मार्कमध्ये किमान १२०. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या सायकलयात्रेत मनाई.

दिवसा वाहतुकीत लुकलुकणं नजर वेधतं, ते खरं. काळोख्या रस्त्यावर दोन लुकलुकींच्या मधे सायकल गायब होते, आणि ती किती लांब आहे, कुठे वळतेय याचा अंदाज लागत नाही. समोरून लुकलुकणारा प्रखर पांढरा दिवा रात्री वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

१३.
ओडेन्स, डेन्मार्क, २००४-०५. प्रयोगात ३,८४५ सायकलस्वार. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या सायकलींना चाकातल्या चुंबकावर चालणारे, दिवसरात्र लुकलुकणारे छोटे दिवे बसवले. त्या गटात इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं.

रस्ता उजळण्याइतकी ताकद त्या दिव्यांत नव्हती. दुसऱ्याला दिसण्यापुरतीच होती.

१४.
म्हणजे दिवे दोन प्रकारचे: बघण्यासाठीचे आणि दिसण्यासाठीचे. फर्ग्युसन रस्त्यावर खांबांचा उजेड असतो, तिथे दुसरा पुरतो. खंबाटकी घाटात पहिला लागतो. एकच दिवा असेल तर शहरात शिरल्यावर त्याची ताकद कमी करावी. बटण असतंच, दाबायला आठवण राहावी लागते.

१५.
४०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलयात्रा, २७ तासांत पुरी करायची असते, म्हणजे एक अख्खी रात्र रस्त्यावर. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना पुढच्याचा लाल दिवा मागच्याच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास असतो. लाल दिवाही डोळे दिपवतो, विशेषतः लुकलुकणारा आणि वर तोंड करून लावलेला. घोळक्यात तो स्थिर आणि मंद ठेवणाऱ्याच्या मागे चालवायला सगळे तयार असतात.

१६.
डायनॅमो: सहा व्होल्ट, तीन वॉट. पुढे २.४, मागे ०.६. जुन्या दिव्याला तेवढ्यात पिवळट ठिपका पडायचा, आणि टायरवर घासणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनॅमोमुळे पॅडल जड व्हायचं. आज चाकाच्या हबमध्ये बसणारा डायनॅमो त्याच तीन वॉटांत घाटरस्ता उजळतो. वॉट वाढले नाहीत. एलईडी आला आणि आरसा नीट घडवला गेला.

१७.
आपल्याकडे एके काळी मोटारींच्या, ट्रकच्या हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर, समोरच्याला दिपवू नये म्हणून, काळा रंग दिसायचा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०६: दिव्यापासून आठ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला झोताने दिपवता कामा नये. सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे हा नियम तिला लागू नाही. पण तपासणी म्हणून फार सोयीची: घरातल्या कुणाला तरी आठ मीटरवर उभं करायचं आणि विचारायचं.

१८.
एकट्याने तपासायचं तर जुना जर्मन नियम: दिवा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या निम्म्या उंचीवर झोताचा मध्य पाच मीटरवर यायला हवा. दिवा ८० सेंटिमीटरवर असेल तर पाच मीटरवरच्या भिंतीवर ४०. खडूची एक खूण पुरते.

१९.
कड असलेला दिवा हँडलखाली उलटा लटकवला की कडही उलटते. सगळा उजेड वर जातो. जागा कमी म्हणून असं करणारे पुष्कळ आहेत. उलटं बसवायचे दिवे वेगळे मिळतात, ते घ्यावेत.

२०.
रबरी पट्ट्याने बांधलेला दिवा खड्ड्यांतून जाताना सरकतो. खाली सरकला तर आपल्याला लगेच कळतं, कारण पुढचा रस्ता दिसेनासा होतो. थोडासा वर सरकला तर उलट लांबचं दिसू लागतं आणि बरंच वाटतं. त्याचा त्रास फक्त समोरून येणाऱ्याला होतो. पट्ट्याऐवजी स्क्रूने आवळायची पकड घ्यावी, आणि रस्त्याच्या प्रत्येक खराब टप्प्यानंतर दिवा हाताने चाचपावा.