साठवण आणि जतन

संगणकाच्या पडद्यावर ‘सेव्ह’ या आज्ञेसाठी ‘जतन करा’ असे मराठी शब्द दिसतात. ज्या कोणी हा पर्याय प्रथम सुचवला असेल, त्याच्या भाषाज्ञानाविषयी मला आदरच आहे; परंतु हा सुंदर शब्द तेथे चुकीच्या जागी पडला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कळ दाबल्यावर संगणक जे करतो ते साठवणे होय. जतन ही निराळी क्रिया आहे. ‘यत्न’ या शब्दाशी तिचे नाते आहे आणि ते नाते केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. धान्य कणगीत भरले की ते साठवले गेले. पण त्यात कडुलिंबाचा पाला घालणे, मधूनमधून उपसून त्याला ऊन दाखवणे, कीड लागली असेल तर चाळून-पाखडून पुन्हा भरणे, याला जतन म्हणतात. साठवण एका दिवसात उरकते, जतन वर्षानुवर्षे करावे लागते. संगणक-उद्योगाने गेल्या तीसेक वर्षांत आपल्याला पहिली गोष्ट विकली आणि दुसरी तिच्यातच आली, असा समज करून दिला. हा समज किती महागात पडू शकतो, याविषयी हे थोडे विवेचन.

साठवणीच्या विद्येत आमचा भाग मागासलेला नव्हता. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. तेथील जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद ठेवली जाई. तोंड अरुंद, आत रुंद होत जाणारे विवर. एकदा भरून तोंड बंद केले की हवा नाही, कीड नाही, आणि माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कारण आतली हवा प्राणघातक असे. व्यापारी पेवातला माल न उघडता, केवळ विश्वासावर विकत आणि घेत. एका परीने ते आजच्या माहिती-केंद्रांचे पूर्वजच. २००५ च्या महापुरात नदीचे पाणी या पेवांत शिरले आणि त्यांतली बहुतेक निकामी झाली. शतकानुशतके ज्या जागेने माल सांभाळला, तिला एक पावसाळा पुरला. दोष पेवाचा नव्हता. पण सगळा माल एकाच नदीच्या काठावर होता.

आता माझ्या स्वतःच्या पेवाविषयी. वीस वर्षांपूर्वी मी माझा एम.फिल.चा प्रबंधिका-लेख विद्यापीठाजवळच्या एका टंकलेखन केंद्रात संगणकावर करून घेतला आणि त्या चालकाने मोठ्या अगत्याने तो एका सीडीवर घालून दिला. गेल्या वर्षी ती सीडी उघडण्याचा योग आला. चकती शाबूत होती, फाईलही शाबूत होती. मात्र पडद्यावर जे उमटले त्याला मराठी म्हणता येईना. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची ती एक लांबच लांब रांग होती. कारण समजून घेतल्यावर मला त्यात तांत्रिक बिघाडापेक्षा सांस्कृतिक बिघाड अधिक दिसला. त्या काळातील बहुतेक मराठी फॉण्ट हे एक प्रकारचे सोंग होते. संगणक आत रोमन अक्षरांचे क्रमांकच नोंदवीत असे; फॉण्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवी. प्रत्येक फॉण्टची वाटणी वेगळी. एकात ज्या जागी ‘क’, तेथे दुसऱ्यात ‘ध’. फॉण्ट नाहीसा झाला की सोंग उतरते आणि खाली मराठी नव्हतीच हे उघड होते. वास्तविक १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती आणि ती भारतीय प्रमाण संकेतावर, म्हणजे ‘इस्की’वर, आधारलेली होती. पण छपाईच्या बाजारात प्रत्येकाला आपापले कुलूप विकायचे होते. त्यामुळे नव्वदीच्या दशकातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील कितीतरी दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध आणि ग्रामपंचायतींचे अहवाल आज अशा अवस्थेत आहेत की ते ‘आहेत’ असे म्हणता येते, वाचता मात्र येत नाहीत. त्यांतील काहींचे रूपांतर करता येते, हे खरे. पण त्यासाठी मूळ फॉण्ट कोणता, हे सांगणारा कोणीतरी लागतो. माझ्या प्रबंधिकेची काळ्या बांधणीची छापील प्रत मात्र ग्रंथालयात निमूटपणे उभी आहे.

हा प्रकार मराठीला नवा नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळातील मोडी कागदांचे रुमाल आहेत. कागद टिकला, शाई टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वाचणारी माणसे घरोघर होती. मग शाळांतून ती लिपी गेली आणि दोन पिढ्यांत तो सगळा मजकूर आपल्यासाठी जवळजवळ मुका झाला. आज आमच्या काही विद्यार्थ्यांनी मोडीचे वर्ग केले आहेत आणि आजोबांच्या पेटीतील कागद ते अडखळत का होईना वाचतात. म्हणजे तेथे जतन झाले ते कागदामुळे नव्हे, कोणीतरी पुन्हा लिपी शिकले म्हणून. फरक एवढाच की मोडीला विस्मृतीत जायला दोन पिढ्या लागल्या. माझ्या फाईलला वीस वर्षे पुरली.

सुरक्षेचा प्रश्नही असाच आपल्या घरातला आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या नजरेपासून वाचवण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, ही त्यामागील युक्ती. आज ज्याला आपण कूटलेखन म्हणतो, त्याचेच हे मराठी रूप. त्याची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई. कुलूप इतके चांगले होते की आद्य मराठी गद्याचे हे भांडार मराठी वाचकालाच कित्येक शतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी संकेत उलगडला, तेव्हा कोठे ते वाङ्मयाच्या इतिहासात आले. परंतु त्याच परंपरेतील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धाडीच्या धामधुमीत नाहीशी झाली. पुढे अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली आणि त्यांत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणाला मोठे स्थान आहे. तिच्या नावाचा पाठ आजही सांगितला जातो. पाठभेद झाले, त्यांवर पंडितांचे वादही झाले. पण एकाच सुरक्षित प्रतीपेक्षा पाठभेदांसह अनेक प्रती बऱ्या, हे त्या लोकांना आपत्तीने शिकवले.

हे सर्व मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र कळला तो आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निधनानंतर. निवृत्तीनंतर ते पन्हाळा आणि शाहूवाडीच्या वाड्या-वस्त्यांवर फिरून वृद्ध स्त्रियांकडून ओव्या ध्वनिमुद्रित करीत. आधी ध्वनिफिती होत्या. मग त्या सर्व त्यांनी हौसेने फोनमध्ये आणि कुठल्याशा दूरच्या साठवणीत हलवल्या आणि जुन्या फिती टाकून दिल्या. ते गेल्यावर भेटायला गेले, तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, “मॅडम, बाबांनी सगळं ह्यात ठेवलंय म्हणायचे. पण फोन उघडतच नाही.” फोन बोटाच्या ठशाने उघडणारा होता. ठसा गेला होता, आकडे कोणाला ठाऊक नव्हते. सर सावध गृहस्थ; पासवर्ड कोठे लिहून ठेवायचा नाही, कोणाला सांगायचा नाही, ही प्रत्येक सूचना त्यांनी अक्षरशः पाळली होती. त्यांच्या संग्रहातले आज जे हाती आहे ते म्हणजे एका विद्यार्थिनीने वर्गासाठी उतरवून घेतलेली चाळीसेक पाने. ज्या बायकांनी त्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांच्यातील बहुतेक आता हयात नाहीत.

मला येथे सरांचा दोष दिसत नाही. सुरक्षेची जी शिकवण आपल्याला दिली जाते, तीच अर्धी आहे. चोर आत येऊ नये एवढेच ती पाहते. वारस आत येऊ शकावा, हे पाहत नाही. घर, शेत, बँकेचे खाते यांना वारस लागतो हे आपण जाणतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्या पश्चात माहितीविषयक हक्क बजावण्यासाठी एखादी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. पण ती किती जणांच्या कानी गेली आहे?

शिवाय ही शिकवण सगळा भार सामान्य माणसावर टाकते. ‘पिन सांगू नका, ओटीपी देऊ नका’ हे योग्यच आहे. न्यायालयाचे किंवा पोलिसांचे नाव घेऊन म्हाताऱ्या निवृत्तांना तासन् तास फोनसमोर बसवून लुबाडण्याचे जे ‘डिजिटल अटके’चे प्रकार सुरू आहेत, ते पाहता, अशी कोणतीही अटक कायद्यात नाही हे घरोघर सांगितलेच पाहिजे. परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, तेव्हा कोणा आजीने आपला पिन सांगितला नव्हता. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वी बँकेला विचारते. चोरांनी त्या प्रश्नाला बँकेच्या वतीने खोटे ‘होय’ म्हणणारी व्यवस्था मध्येच बसवली आणि बनावट कार्डांनी २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. त्यांत आमच्या कोल्हापुरातील एटीएमही होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. बंद घराच्या दाराला कडी लावा, असे घरमालकाला रोज बजावणाऱ्यांनी वाड्याच्या मागच्या भिंतीकडेही पाहायला हवे, एवढाच याचा मथितार्थ.

आता या उद्योगाच्या वृत्तीविषयी. त्याच्यावर सरसकट टीका करणे मला मान्य नाही. युनिकोड ही त्याच मंडळींनी एकत्र येऊन घडवलेली गोष्ट आहे आणि तिच्यामुळेच मराठी प्रथमच सर्वत्र मराठी म्हणून नोंदली जाऊ लागली. परंतु या उद्योगाचा काळाविषयीचा दृष्टिकोन विलक्षण आखूड आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सवरचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला. परदेशी गेलेल्या पहिल्या पिढीतील मराठी माणसे परस्परांशी काय बोलत होती, याचा एक मोठा दस्तऐवज त्यात गेला. छायाचित्रे अमर्याद आणि फुकट ठेवा, असे सांगणाऱ्या गूगलने जून २०२१ पासून जागेची मोजदाद सुरू केली. यात बेकायदेशीर काही नाही. पण फुकट दिलेल्या जागेला जतनाची जबाबदारी चिकटत नाही, हे आपण ध्यानात घेतले नाही. ‘क्लाऊड’ हे नावही मोठे फसवे. कोठेतरी जमिनीवर काँक्रीटची इमारत असते, तिला वीज आणि थंडावा अखंड लागतो, आणि तिचे भाडे थकले की सामान बाहेर येते.

भाषेविषयीची अनास्था याच वृत्तीचा भाग आहे. इंग्रजीत १६० अक्षरे मावणाऱ्या लघुसंदेशात मराठीची ७० च मावत, आणि मात्रा-वेलांट्याही त्यांतच मोजल्या जात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक कित्येक कळफलकांवर अजूनही सहज सापडत नाही. माझे विद्यार्थी तो लिहिण्याचे सोडून देतात आणि न लिहिलेला फरक पुढे ऐकूही येईनासा होतो.

जतन म्हणजे काय, याचे उदाहरण पाहायचे तर ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात आहे. एक लाखाहून अधिक ओव्या. कागद, ध्वनिफीत, संगणक असा त्यांचा प्रवास झाला आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहातून लोकांसमोर येत आहेत. दर टप्प्यावर कोणीतरी बसून मागचे पुढे उतरवले म्हणून ते शक्य झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी शहरात आले, तेव्हा ज्यांच्या वह्या भिजल्या त्यांना संगणकाचे मोल कळले. आणि ज्यांचे संगणक भिजले त्यांना दुसऱ्या गावी ठेवलेल्या प्रतीचे. तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांत, त्यांतली एक दुसऱ्या गावी, असा जो साधा नियम जाणकार सांगतात, तो हिराइसेला मान्य झाला असता. मी त्यात एकच भर घालीन: किल्ली ठाऊक असलेला, आपल्यापेक्षा तरुण असा एक माणूस.

आमच्या विभागात आता दर जूनमध्ये, वर्ग नीट सुरू होण्यापूर्वी, मुले जुन्या फाइली एकेक करून उघडून पाहतात. जी उघडत नाही तिची नोंद करतात, जी उघडते ती नव्या रूपात उतरवतात. सरांच्या त्या चाळीस पानांपासून आम्ही आरंभ केला. काम कंटाळवाणे आहे आणि दरवर्षी ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.