उजव्या पायाचे बूट

कॉलेजातले फुटबॉलचे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाटूर फाट्यावर गाडीची वाट पाहत होतो. फोन आमच्या गोलकीपरचा. ‘सर गेले रे,’ म्हणाला आणि दोघंही गप्प झालो. मग तोच म्हणाला, ‘बूट आठवतात का?’

आठवणारच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की सर सगळ्यांच्या उजव्या पायातला बूट काढून घ्यायचे. नाड्या एकमेकींना बांधून ती माळ खांद्यावर टाकायची आणि टचलाइनवर येरझाऱ्या घालायच्या. मैदान मुरमाचं. अनवाणी पायानं चेंडू मारायची कुणाची छाती होणार? झक मारत डावा पाय चालवावा लागे. तो चुकला की हाक यायची, ‘डावा पाय सावकाराकडं गहाण टाकलास का रे?’

सरांनी अख्खी नोकरी एका कॉलेजात काढली. दर पावसाळ्यात नवी पोरं यायची, कापूस-ज्वारीच्या घरातली, कबड्डीत मुरलेली. दिवाळीपर्यंत त्यांचा संघ व्हायचा आणि परीक्षा झाल्या की मोडायचा. पुन्हा जूनमध्ये पहिल्यापासून. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

ही विद्या त्यांनी हैदराबादेतून आणली. तिथं शिकताना ते फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या सिटी पोलीस संघाचा सराव कुंपणाबाहेरून पाहायचे. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. काचीगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवलेलं. परतूर स्टेशनावरून आमच्याकडची माणसं ज्या काचीगुड्याला जातात, तेच हे. रहीमसाहेबांच्या पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा रहीमसाहेब भरवत. बूट काढून घेणं मात्र सरांच्या पदरचं.

आमच्या हंगामात पहिल्याच सामन्यात तीन गोल खाल्ले. परतीच्या एस.टी.त सर कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. सकाळी मैदानावर गेलो, तर खांदा मोकळा आणि हात पुढं: ‘काढा बूट.’ त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत आम्ही हरायचं विसरलो. उपांत्य सामन्यात चेंडू माझ्या डावीकडं आला. उजव्यावर घ्यायला उसंत नव्हती. मारला. जाळी हलली तेव्हा मी सरांकडं पाहिलं. ते माझ्या पायाकडं पाहत होते, गोलकडं नाही. अंतिम सामना आम्ही हरलो. त्याचं मला आता काही आठवत नाही, पण सरांची ती नजर अजून तशीच आहे.

बुटांचा इतिहास तसा मोठाच. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताची बरीच मुलं अनवाणी खेळली आणि युगोस्लाव्हियानं दहा गोल चढवले. प्रशिक्षक रहीमच. चारच वर्षांनी मेलबर्नमध्ये त्यांनी बूट घातलेला संघ उपांत्य फेरीत नेला. तिथवर पोचलेला आशियातला तो पहिला देश. 1 डिसेंबर 1956 ला गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले. बरोबर महिनाभर आधी, 1 नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला होता.

तेव्हापासून रहीमसाहेब आमचे राहिले नाहीत, हे मला मान्य नाही. निजामाच्या राजवटीत आमच्या लोकांनी जे भोगलं ते 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, सांगायलाच हवं. माझ्या घरातही ते सांगितलं जातं. पण त्याच हैदराबादेतला हा मास्तर आमच्या आठवणीतून कसा गळाला? कॉलेजात शिकायचं तर आमची मागची पिढी उस्मानिया विद्यापीठाच्याच छत्राखाली शिकली. तिथल्या पदव्या भिंतीवर लावल्या आणि तिथला फुटबॉल तिथंच सोडून आलो. सरांनी एकट्यानं तो आणला. त्यांच्या निरोपसमारंभात या कामाचा कुणी उल्लेखही केला नाही, त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

यंदा 17 सप्टेंबरला गावच्या शाळेत चार शब्द बोलायला मला बोलावलंय. पोरांना जकार्ता सांगणार आहे. 1962 ची आशियाई स्पर्धा. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. एरवी बचाव करणारा हा गडी रहीमसाहेबांनी सेंटर फॉरवर्डला उभा केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा, तोही त्या जखमी डोक्यानिशी. भारत 2-1. कर्करोगानं पोखरलेले रहीमसाहेब मैदानाच्या कडेला. पोरं विचारतीलच, हा मास्तर कुठं राहायचा? मी म्हणेन, परतूरला काचीगुड्याच्या गाडीत बसा आणि शेवटच्या स्टेशनावर उतरा.