वाडीचा राजवाडा आणि अज्जीचे गुडघे

आमच्या घरात सहलीचा बेत दोन भाषांत ठरतो आणि बहुधा दोन्ही भाषांत मोडतो. एका जुलैत असेच झाले. रविवारी नऊ वाजता आरामात निघून सावंतवाडीचा राजवाडा पाहायचा, असे ठरले. आंबोलीत धबधब्यापाशी गाड्यांची ही रांग, वर धुके आणि पाऊस! धारवाडच्या माझ्या सासूबाई मागे गुडघे दुमडून बसून होत्या. शेवटी गाडी वळवली. परतताना त्या एवढेच म्हणाल्या, "इन्न नानु बरोदिल्ल, नीव होगि बर्री." यापुढे मी येत नाही, तुम्ही जाऊन या. त्यांचा आवाज इतका शांत होता, की ते कायमचे आहे हे माझ्या लक्षात आले.

चूक माझीच. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या वाटेला जाऊ नये, हे शेंबड्या पोरालाही कळते.

म्हणून डिसेंबरात बेत आखला तो अज्जीच्या गुडघ्यांपासून. वार मधला, त्यांना पुढची सीट, आणि पाहायचे ते एकच ठिकाण. (माझ्या मुलाला त्याच दिवशी वेंगुर्ल्याचा समुद्रही हवा होता. तो नाकारला.) चार दिवस मनधरणी करावी लागली, ती नातवाने केली.

सकाळी साडेसहाला बेळगाव सोडले. बाची ओलांडून शिनोळी आली की महाराष्ट्र. पुढे चंदगड तालुका, आंबोली, आणि घाट उतरल्यावर दाणोलीवरून सावंतवाडी. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास असले, तरी वयस्कर माणूस बरोबर असेल तर थांबे धरून तीन तास हाताशी ठेवावेत. आंबोलीत चहाला थांबलो. हिरण्यकेशी इथे उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करीत आपल्या संकेश्वराकडे येऊन पुढे घटप्रभेला मिळते, हे मी सांगितले. "हंगार नम्म नीरु," अज्जी म्हणाल्या. म्हणजे आपलेच पाणी. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिले वाक्य!

वाडीचे जुने नाव सुंदरवाडी. राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. जांभ्या दगडाच्या तांबूस कमानी, समोर हिरवळ, जुनी झाडे, आणि रस्त्यापलीकडे मोती तलाव. म्हैसूरचा राजवाडा पाहिलेल्यांना हा लहान वाटेल. पण आजी-आजोबांना घेऊन फिरायला लहानच बरा. आम्ही आधी बागेत सावलीला बसलो, मग आत गेलो. पाहण्याची वेळ आणि दुपारची सुटी आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्यावी.

खरा वेळ द्यावा तो दरबार हॉलमध्ये. तिथे कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावताराच्या संचात प्रत्येक अवताराचे बारा पत्ते: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा. एकूण १२०. गेल्या शतकात ही कला जवळजवळ विझली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती वाड्यातच पुन्हा उभी केली. राणीसाहेब २०१८ मध्ये गेल्या, पण काम चालू आहे.

इंग्रजी शाळेत जाणारा आमचा नातू, म्हणजे अज्जीचा नातू आणि माझा चिरंजीव, मासा आणि कासव ओळखून थांबला. कुऱ्हाड कोणाची, ते त्याला येईना. अज्जी पुढे सरकल्या आणि बोटे मोडत सुरू झाल्या, "मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम..." ही नावे कन्नडात वेगळी आणि मराठीत वेगळी थोडीच आहेत? त्यांनी त्याला दोनदा म्हणायला लावले. आणि वर मला सुनावले, की म्हैसूरच्या मुम्मडि कृष्णराज वडेयरांनी तीनशेहून अधिक पत्त्यांचे डाव बसवले होते, तुमचे हे एकशेवीसच! अर्धा तास उभ्या होत्या. गुडघ्यांचे नाव नाही.

डबा मोती तलावाच्या काठी उघडला. वाड्याच्या आवारात उघडू नये. बुत्ती, शेंगाचटणी, दोन भाकऱ्या. मग चितारआळीत चक्कर. लाकडी फळे घासाघीस करून घेता येतात. हाताने रंगवलेला गंजिफाचा पूर्ण संच मात्र मास्तरच्या पगाराला जड. आम्ही लहान डबीतला छापील संच घेतला आणि तीनच्या आत घाटाला लागलो, उजेडात वर पोहोचावे म्हणून.

दशावतारी गंजिफाचा एक नियम आहे. दिवसा खेळताना राम वरचढ, रात्री कृष्ण. त्या संध्याकाळी घरी जाजमावर डाव मांडला. नातवाने विचारले, "अज्जी, राम नेमका किती वाजता उतरतो?"

"दीपा हच्चिद म्याल," अज्जी म्हणाल्या. दिवा लावल्यावर. आणि गुडघ्यावर हात टेकून देवापुढे दिवा लावायला उठल्या. त्यांच्या हातात कृष्ण होता, हे आम्हाला नंतर कळले.