सिमला बीटचे दिवस

सिगारेटच्या जाहिरातीसाठी काढलेल्या दोन लाँगप्ले तबकड्यांसाठी परदेशातले संग्राहक एक दिवस शेकडो डॉलर मोजतील, असं १९७१मध्ये कुणी म्हटलं असतं तर आम्ही आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ ही त्या तबकड्यांची नावं. सिमला ही सिगारेट आणि ती काढणारी कंपनी म्हणजे आजची आयटीसी. तरुण पोरांनी सिमला ओढावी म्हणून कंपनीने देशभरातल्या बीट ग्रुप्सची स्पर्धा सुरू केली. शिलाँग, कलकत्ता, मद्रास, बंगलोर अशा ठिकठिकाणचे ग्रुप त्यात उतरायचे आणि अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंद हॉलमध्ये रंगायची. ज्या हॉलमध्ये एरवी कर्नाटक संगीताच्या मैफली चालायच्या, तिथेच खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं माइकच्या दांड्याशी झुंजत असायची. सिमला ओढणारे वाढले की नाही, कंपनीलाच ठाऊक. गिटार हातात धरणारे मात्र वाढले.

तेव्हा आम्ही या संगीताला ‘बीट म्युझिक’ म्हणायचो. ‘गॅरेज रॉक’ हा शब्द आमच्या कानावर फार उशिरा आला. लेनी के या अमेरिकन गिटारवादकाने १९७२मध्ये ‘नगेट्स’ नावाचा दोन तबकड्यांचा संच काढला. एखाददुसरं गाणं गाजवून विसरले गेलेले साठच्या दशकातले हौशी ग्रुप त्याने त्यात एकत्र केले, आणि त्यानंतर या धांगडधिंग्याला इतिहास मिळाला. अमेरिकेतली पोरं बापाची गाडी बाहेर काढून त्या जागेत सराव करायची. आमच्या दादरमध्ये गाडीच नव्हती तिथे गॅरेज कुठून आणणार? सराव चालायचा बांद्र्या-माहीमच्या चर्चच्या हॉलमध्ये, रविवारी रिकाम्या पडलेल्या शाळेत, नाहीतर ज्याचे आईवडील गावी गेलेत त्याच्या ब्लॉकमध्ये. आमच्या चाळीतल्या एका पोराने गच्चीवर ड्रम वाजवायचा प्रयत्न केला. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले आणि तो ग्रुप तिथल्या तिथे फुटला.

वाद्यांची परिस्थिती तर विचारूच नका. परदेशी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे कुणाचा तरी काका जहाजावर असायला हवा. आयातीवर निर्बंध आणि जकात इतकी की धोबी तलावच्या फुर्टाडोजच्या काचेबाहेर उभं राहून बघणं एवढंच परवडायचं. मग सुताराला रेकॉर्डच्या कव्हरवरचा फोटो दाखवून लाकडाची गिटार कापून घ्यायची. अँप्लिफायर आहुजाचा, गणपतीच्या मंडपात आरतीला लावतात तो. त्यात गिटार घातली की आवाज फाटायचा. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधली ती खरखरीत धून १९६५ साली जगभर गाजली, ती काढायला कीथ रिचर्ड्सने मुद्दाम आवाज फाडणारं फझ पेडल वापरलं होतं. आमच्या पोरांना तो बिघाड अँप्लिफायरबरोबर फुकट मिळत होता. पण ती तो आवाज साफ करायला धडपडत होती.

गाणी यायची रेडिओ सिलोनवरून, आणि कलकत्त्याच्या ‘ज्युनिअर स्टेट्समन’ साप्ताहिकात ग्रुपच्या बातम्या यायच्या. डेस्मंड डॉइग संपादक असलेलं ते ‘जेएस’ १९६७ ते १९७७ एवढंच चाललं. पण त्याच्या पानांवरचे फोटो किती भिंतींवर चिकटले असतील! शब्द मिळवणं ही वेगळी कसरत. रेडिओवर गाणं लागलं की एकाने पहिली ओळ पकडायची, दुसऱ्याने दुसरी. मराठी शाळेतली आम्ही मुलं कानाला येईल तसं देवनागरीत उतरवून घ्यायचो. त्या वहीतलं इंग्रजी जगातल्या कुठल्याच इंग्रजाला कळलं नसतं. अर्थात यात आमचीच चूक होती असं नाही. किंग्जमेन या ग्रुपने १९६३मध्ये गायलेल्या ‘लुई लुई’चे शब्द अश्लील आहेत अशा तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने ती तबकडी वेगवेगळ्या वेगाने फिरवून ऐकली आणि काहीच कळत नाही असा निष्कर्ष काढला. सरकारी यंत्रणेला जमलं नाही ते रानडे रोडवरच्या पोरांना कसं जमावं?

आता कव्हर्सबद्दल. म्हणजे दुसऱ्याची गाणी आपण वाजवण्याबद्दल. आजची मुलं यावर नाक मुरडतात. तुमच्या वेळचे सगळे ग्रुप नुसती नक्कल करायचे, असं ऐकवतात. करायचेच. पण परदेशातला मोठा ग्रुप भारतात यायची सोय नव्हती, दूरदर्शनवर तो दिसण्याचा प्रश्न नव्हता. १९७२मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये अचानक वाजवून गेले, ही घटना लोक पन्नास वर्षं सांगताहेत, यातच तेव्हाचा दुष्काळ कळतो. तबकडीवरचं गाणं समोर, अंगावर येईल असं ऐकायचं तर ते मुंबईच्या पोरांकडूनच. ते हुबेहूब वाजलं की हॉल डोक्यावर घेतला जायचा, आणि मला त्यात आजही काही कमीपणा वाटत नाही. आमच्या घरी बालगंधर्वांची पदं हरकतींसकट, श्वासांच्या जागांसकट गाणारे पाहुणे येत, तेव्हा कुणी त्यांना नकलाकार म्हटलं नाही. परंपरा अशीच हातात येते, हे आपल्याला नाट्यसंगीतात मान्य आहे आणि गिटारीत नाही.

गंमत पुढेच आहे. त्या काळी प्रेक्षकांनी जे डोक्यावर घेतलं ते आज कुणी विचारत नाही. मूळ गाणं फोनवर दोन सेकंदांत मिळत असताना त्याची चोख नक्कल कोण ऐकणार? सिमला बीटच्या तबकड्यांवरचं आज जे लोक कान देऊन ऐकतात, ते त्या पोरांनी स्वतः रचलेलं आहे, अर्धवट, वेडंवाकडं. कुठे ड्रम पुढे पळतोय, कुठे गायकाचा उच्चार थेट मद्रासचा, कुठे गिटारची तार उतरलेली. अशा स्वतःच्या रचना सुरू झाल्या की षण्मुखानंदातले निम्मे लोक वडा खायला बाहेर जात. तोच उतरलेला सूर पुढे जर्मनीतल्या कंपनीने जपून पुन्हा छापला.

कपड्यांचं प्रकरणही याच वळणाने गेलं. ‘गुमनाम’ (१९६५) मधलं ‘जान पहचान हो’ आठवा. लक्ष्मी छाया बेभान नाचतेय आणि मागे डोळ्यांवर काळे मुखवटे चढवलेला ग्रुप. तो मुंबईचा खराखुरा ग्रुप होता, टेड लायन्स अँड हिज कब्ज. आवाज रफीसाहेबांचा, संगीत शंकर-जयकिशनचं, पण तो मुखवट्यांचा थाट खास बीट ग्रुपचा. अमेरिकेत त्याच सुमारास काउंट फाइव्हची पोरं ड्रॅक्युलासारखे झगे घालून वाजवत होती, म्युझिक मशीनवाले नखशिखांत काळ्या कपड्यांत एकाच हातात काळा मोजा घालून उभे राहत, आणि जर्मनीत राहिलेल्या अमेरिकन सैनिकांच्या ‘मंक्स’ने डोक्याच्या मध्यभागी तुळतुळीत गोटा करून गळ्यात दोरखंड बांधला होता. थोडक्यात, वाजवणं कच्चं असलं तरी दिसणं पक्कं हवं.

मुंबईत आधी सगळ्यांचे एकसारखे सूट, निमुळते टाय, टोकदार बूट. दोन-चार वर्षांत सूट गेले आणि बेलबॉटम, फुलाफुलांचे शर्ट, गळ्यात मणी आले. हे शिवायचे कोण? आपला नेहमीचा शिंपी. त्याच्यापुढे कव्हर ठेवून ‘अशी’ म्हणायचं. तो चष्मा वर करून फोटो पाहायचा, ‘घेर किती?’ विचारायचा आणि परीटघडीच्या पँटची सवय असलेल्या हाताने मध्ये कडक इस्त्रीची धार आणून द्यायचा. त्या धारेची बेलबॉटम घालून पोरं सायकेडेलिक गाणी म्हणायची. ग्रुपमधल्या एकाची आई त्याच्या शर्टाला तिच्या जुन्या रेशमी साडीचे काठ लावून द्यायची. तो शर्ट त्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यात देखणा दिसायचा, हे मी शपथेवर सांगतो. आज कुणाला साठच्या दशकाचा वेश हवा असेल तर तो तयार, मापात, घरपोच येतो. चांगलाच असतो. फक्त त्यात कुणाच्या आईची साडी नसते.

या सगळ्या इंग्रजी गलक्यात मराठी माणूस कुठे होता? होता, आणि मोक्याच्या जागी होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. घर नाटकाचं, गळा रॉकचा. वेल्वेट फॉग, सॅव्हेजेस, अटॉमिक फॉरेस्ट अशा ग्रुपमधून तो गायला. अलेक पदमसींनी १९७४मध्ये ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ केलं त्यात तो जूडास होता. आणि १९७८मध्ये जब्बार पटेलांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, म्हणजे पु. लं.नी मराठीत आणलेल्या ब्रेख्तच्या नाटकात, त्याच्या आवाजाने मराठी रंगभूमीला एकदम इलेक्ट्रिक गिटारचा झटका दिला. नाकं मुरडणारे होते, पण थिएटरं भरली. स्लिप डिस्कपासून निघालेला रस्ता संगीत नाटकाच्या रंगमंचापर्यंत येतो हे त्याने गाऊन दाखवलं. २०१४मध्ये तो गेला तेव्हा अनेक मृत्यूवार्तांत त्याची ओळख ‘पार्श्वगायक’ एवढीच होती. मला ते खटकलं.

गोव्याचं एक नाव घ्यायलाच हवं. जे. जे.त वास्तुकला शिकायला आलेला रेमो फर्नांडिस मुंबईत सॅव्हेजेसमध्ये वाजवायचा. पुढे तो गोव्याला परतला आणि स्वतःची गाणी करू लागला. नक्कल ही शाळा असते, तिथे जन्म काढायचा नसतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तबकड्या जमवण्याची माझी हौस तेव्हाचीच. काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची. मी ऐकायचो सगळ्या, घ्यायचो क्वचित. उरलेली हौस चोर बाजारात मटण स्ट्रीटवर भागवायची. तिथल्या ढिगात तलतच्या खाली अ‍ॅनिमल्स निघायचे. घरी आणून साबणाच्या पाण्याने धुवायचं, पंख्याखाली वाळवायचं आणि एचएमव्हीच्या फिएस्टावर लावायचं. मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरते, म्हणून जून महिना लागला की सगळ्या तबकड्या कपाटात उभ्या करून ठेवायच्या. आडव्या रचल्या की वाकतात, हे त्या ढिगांनीच शिकवलं.

रिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं. षण्मुखानंद १९९०मध्ये जळलं आणि १९९८मध्ये पुन्हा उभं राहिलं. आता तिथे पूर्वीपेक्षा जास्त चांगलं ऐकू येतं. धोबी तलावच्या रंगभवनात पुढच्या पिढीने इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव गाजवला, मग तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. सराव आता जॅमपॅडवर, म्हणजे सरावाच्या खोलीत, तासाच्या भाड्याने होतो. गिटार हप्त्यावर मिळते, शब्द फोनवर दिसतात, आणि ज्या खरखरीची आम्हाला लाज वाटायची ती फोनमधल्या अ‍ॅपमध्ये बटण दाबून आणता येते. माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये पोरं नव्या कोऱ्या तबकड्या विकत घेताना दिसतात. माझा भाचा त्यातलाच. त्याच्याकडे अटॉमिक फॉरेस्टचं ‘ऑब्सेशन’ आहे. मूळ १९८१चं नव्हे. ते २०११मध्ये अमेरिकेतल्या ‘नाउ-अगेन’ने पुन्हा काढलं, ते. त्यातली फझ गिटार तो ज्या निष्ठेने ऐकतो, त्या निष्ठेने आम्ही ती समोर वाजत असताना ऐकली नव्हती.

म्हणून ‘तेव्हाचं ते तेव्हाचं’ असा सूर लावण्यात मला अर्थ दिसत नाही. ऐकण्याच्या बाबतीत आजचा काळ सरस आहे. करून पाहण्याच्या बाबतीत तेव्हाचा होता, कारण तेव्हा करून पाहिल्याशिवाय ऐकायलाच मिळत नव्हतं. सल मला एकच आहे. हे संगीत वाचवायचं काम इथे व्हायला हवं होतं, ते झालं जर्मनीत आणि अमेरिकेत. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४मध्ये ‘इंडिया सायकेडेलिक’ हे पुस्तक लिहून त्या पिढीची हकीकत नीट मांडली. मराठीत तसं पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, दिवंगत काकांच्या कपाटात त्या काळचं काही पडलं असेल त्यांना विनंती. सिमला बीटची तबकडी, ‘जेएस’चे अंक, स्पर्धेची तिकिटं, काहीही असो, रद्दीवाल्याला देऊ नका. स्पूलची टेप सापडली तर कुतूहलापोटी घरच्या घरी लावून पाहू नका; जुनी टेप एका फेरीत झडून जाऊ शकते, जाणकाराकडून ती डिजिटल करून घ्या. ग्रुपचे फोटो निघाले तर त्यात वाजवणारे आज सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांना दाखवा. आणि फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने प्रत्येकाचं नाव लिहून घ्या, विशेषतः ड्रम वाजवणाऱ्याचं. गायकाचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, ड्रमरचं राहत नाही.