लॅपटॉपचा वेग वाढवा, पण बेतानं

तुमच्या घरातही कॉलेजात जाणारा मुलगा असेल आणि अभ्यास आटोपल्यावर तो लॅपटॉपवर खेळत असेल. एखाद्या दिवशी तो म्हणेल, "बाबा, ह्याच्या ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग करतो." नाव ऐकूनच आपण दचकतो. आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात असंच झालं. लॅपटॉप सोयाबीनच्या पैशातून घेतलेला, कॉलेजचं सगळं काम त्यातच. "जळला तर दुसरा कुठून आणायचा?" असं त्याची आई म्हणाली, आणि तिचं खोटं नव्हतं. तरी मी एकदम नाही म्हटलं नाही. लपूनछपून केलेल्या उद्योगापेक्षा आपल्यासमोर केलेला बरा.

आधी ही गोष्ट समजून घ्या. खेळातली चित्रं काढणारी चिप ठरावीक ठोक्यांवर चालते. १५०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला १५० कोटी ठोके. कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगावर आणखी थोडे ठोके चढवायचे, ह्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या गव्हर्नरची स्प्रिंग आवळली की पाणी जास्त पडतं, पण इंजिनही तापतं. तसंच हे. फरक एवढाच, की लॅपटॉपच्या चपट्या पेटीत उष्णतेला बाहेर पडायला जागा थोडी. ह्या उष्णतेचा प्रश्न कंपन्यांनाही आहे. एन्व्हिडिया कंपनीनं २०१५ च्या फेब्रुवारीत लॅपटॉपवरची ही सोय बंदच केली होती. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर ती पुन्हा दिली.

तेव्हा वेग नंतर, थंडावा आधी. लॅपटॉप बंद करून, वायर काढून, जाळीतली धूळ मऊ ब्रशनं साफ करा. आपल्याकडं मळणीची धूळ घरभर असते, ती पंख्यात बसते. गोधडीवर किंवा मांडीवर ठेवून खेळू नये. मागची बाजू इंचभर उचलून टेबलावर ठेवावा. एवढ्यानंच आमचा आकडा ८६ अंशांवरून ७९ वर आला. बहुतेक लॅपटॉपांत ८५ ते ९० अंशांच्या आसपास चिप आपणहून वेग कमी करते. म्हणजे ताप उतरवला नाही तर वाढवलेला वेग हाती लागतच नाही.

मग मुलाला मी तीन अटी घातल्या. कॉलेजचं सगळं काम आधी पेनड्राइव्हवर उतरवायचं. वॉरंटीचा कागद पूर्ण वाचायचा. आणि प्रत्येक आकडा वहीत लिहायचा.

ह्या कामाला एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. चार्जर जोडूनच काम करावं, कारण बॅटरीवर कार्डाला पुरती ताकद मिळत नाही. एका वेळी २५ मेगाहर्ट्‌झ वाढवायचे, अर्धा तास जड खेळ चालवायचा, तापमान बघायचं, लिहायचं, मग पुढची पायरी. मेमरीचा वेग वेगळा असतो. तो त्याच वेळी वाढवू नये, नाहीतर बिघाड कशानं झाला ते कळत नाही. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा दिसल्या किंवा खेळ मधेच बंद पडला, तर समजावं की हद्द झाली. तिथून दोन पायऱ्या मागं यावं. व्होल्टेजला हात लावू नये, आणि कार्डाच्या आतला बायोस प्रोग्रॅम बदलायच्या फंदात तर मुळीच पडू नये. वाढवलेला वेग लॅपटॉप चालू होताच आपोआप लागेल अशी सोय त्यात असते. पंधरा दिवस सगळं सुरळीत चालेपर्यंत ती बंदच ठेवावी. म्हणजे काही अडलं तर लॅपटॉप बंद करून चालू केला की पहिला वेग परत येतो.

आमच्या लॅपटॉपवर १२५ ला ठिपके दिसले, म्हणून आम्ही ७५ वर थांबलो. सेकंदाला ५२ चित्रं पडत होती, ती ५५ झाली. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असं आई हसून म्हणाली. लाभ खरंच थोडा असतो. पण मोजून, लिहून, एकेक पायरी चढायची आणि मोह आवरून मागं यायचं, हे तो ह्या निमित्तानं शिकला. पिकाला खत देतानाही हेच लागतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हिवाळ्यात लावलेला आकडा उन्हाळ्यात चालत नाही. खोली वीस अंशांवरून चाळिसावर गेली की चिपही जवळजवळ तेवढीच जास्त तापते. वैशाखात मुलानं वही काढली, आकडे पाहिले आणि वेग आपणहून शून्यावर आणून ठेवला. मला सांगावं लागलं नाही. तुमच्याही मुलानं विचारलं तर रागावू नका. वही-पेन्सिल द्या आणि पहिल्या दिवशी तासभर त्याच्या शेजारी बसा.