ओढे आणि नदी

दुबईच्या विमानतळावर मध्यरात्रींही निजानीज होत नाहीं. गेल्या वर्षीं आत्याबाईंना लंडनला त्यांच्या चिरंजीवांकडे पोंचविण्यास आम्ही निघालों, तेव्हां तेथें चार तास काढण्याचा योग आला. काचेपलीकडे अहमदाबाद, कोची, ढाका, कराची अशा ठिकाणांहून विमानें एकामागून एक उतरत होतीं. उतरलेल्यांपैकीं पुष्कळसे लोक गांवांत न जातां, फलकावर नजर टाकून लंडन, न्यूयॉर्क, टोरँटोच्या विमानांकडे वळत. आत्याबाईंनीं हा ओघ बराच वेळ पाहिला आणि त्या म्हणाल्या, "अरे, ही तर आपली कुर्डुवाडी!"

आत्याबाईंचें माहेर, म्हणजे आमचें घर, बार्शीचें. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी माणसांना कुर्डुवाडीस आणून सोडी. पुढें मोठी गाडी त्यांना पुण्या-मुंबईस नेई. आत्याबाईंची उपमा आम्हांस अगदीं चपखल वाटली.

दूर पल्ल्याचें विमान एका शहराच्या बळावर रोज भरणें कठीण. परंतु वीस शहरांतून दहा-दहा माणसें आणलीं, तर दोनशें आसनें भरतात. पूर्वेचीं वीस व पश्चिमेचीं वीस शहरें मध्यावरील एका ठाण्यास जोडलीं, तर मार्ग चाळीसच लागतात; पण प्रवाशास चारशें जोड्यांची सोय होते. म्हणून लहान मार्गाचा जमाखर्च एकटा मांडून चालत नाहीं. ओढा उथळ दिसला तरी नदीचें पाणी त्याचेंच असतें. मात्र सारी भिस्त वेळेच्या मेळावर. विमानांची एक लाट येते, आणि दोन-तीन तासांत दुसरी बाहेर पडते. सबंध प्रवासाचें तिकीट एकच असेल, तर गांठ चुकली तरी पुढची व्यवस्था कंपनी पाहते. दोन कंपन्यांचीं दोन तिकिटें असलीं, कीं प्रवासी एकटा.

या एकटेपणाची किंमत आत्याबाईंच्या घरानें दिली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांचे यजमान अत्यवस्थ झाले. चिरंजीव लंडनहून निघाले. मुंबईचें विमान उशिरां उतरलें, आणि दुसऱ्या कंपनीचें नागपूरचें विमान तोंवर निघून गेलें होतें. ते दुसऱ्या दिवशीं घरीं पोंचले, तेव्हां वडिलांच्या जागीं दिवा तेवत होता.

खेद याचा, कीं ही विद्या मुंबईस नवी नव्हती. १९२९ पासून इंपीरिअल एअरवेजचीं विमानें लंडनचें टपाल कराचीस आणीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा लहानशा पस मॉथ विमानांतून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बेल्लारीमार्गें मद्रासला नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, तेव्हां ठाणें पुण्यास हलवावें लागे. हा आपला पहिला ओढा. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. म्हणजे नदीही आली. परंतु १९५३ च्या राष्ट्रीयीकरणांत देशांतील उड्डाणें एका महामंडळाकडे व परदेशचीं दुसऱ्याकडे गेलीं; तीं एकत्र आलीं २००७ सालीं. मध्यंतरीं २५ ऑक्टोबर १९८५ रोजीं दुबईची एमिरेट्स सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या ठिकाणांत कराची व मुंबई हीं नांवें होतीं! जो ओघ एके काळीं जुहूस येई, तो दुबईकडे वळला. २०२२ सालीं एअर इंडिया पुन्हां टाटांच्या हातीं आली. ओढे व नदी एका घरीं नांदूं लागलीं. मेळ तेवढा नीट बसावयास हवा.

इतक्यांत आमचें विमान वीस मिनिटें उशिरां सुटेल, अशी सूचना झाली. मागून येणाऱ्या कांहीं प्रवाशांसाठीं तें थांबविलें होतें. शेजारचे गृहस्थ त्रासून घड्याळाकडे पाहूं लागले. आम्हीही पाहिलें. आत्याबाईंनीं मात्र शाल सारखी केली व शांतपणें म्हणाल्या, "कुणाची तरी छोटी गाडी मागें राहिली असेल. येऊं द्या त्यांना."

त्यानंतर आम्हीं घड्याळ पाहिलें नाहीं.