एकाच घरातली दोन बालपणे

मूल घडते ते घरातल्या संस्कारांनी आणि भोवतालच्या परिस्थितीने, हे विधान मराठीच्या वर्गात मी इतकी वर्षे इतक्या सहजपणे करीत आलो की, ते एकदा तपासून पाहावे असे मला कधी वाटले नाही. ‘श्यामची आई’ शिकवताना तर ते हमखास तोंडी येई. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. मुलाच्या जडणघडणीच्या केंद्रस्थानी आईला बसवण्याची आपली सवय त्या पुस्तकाने पक्की केली. श्यामच्या घरी दारिद्र्य होते, कर्ज होते, मानहानी होती. तरीही मूल घडले, कारण आई होती, असा माझा युक्तिवाद असे. शेवटी, थोड्या अभिमानानेच, मी स्वतःचे उदाहरण देई. साकीनाक्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेला मुलगा आज महाविद्यालयात मराठी शिकवतो, याचे श्रेय आईचे.

हे उदाहरण खोटे नव्हते. ते अपुरे होते, आणि त्यातून कोण गळले आहे हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळले.

सकाळच्या पहिल्या तासाला ती नेहमी उशिरा येई. एके दिवशी मी तिला भर वर्गात बोललो. ती म्हणाली, “सर, आई सातला कामाला जाते. धाकट्याला बालवाडीत सोडल्याशिवाय निघता येत नाही.” स्वरात तक्रार नव्हती, वेळापत्रक सांगावे तसे तिने सांगितले. ती खैरानी रस्त्याच्या बाजूला राहते, हे मला नंतर समजले. त्या दिवशी पुढे काय शिकवले ते आठवत नाही. डोळ्यांसमोर माझी ताई उभी राहिली होती.

साकीनाका ज्यांना २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोचे एक स्थानक म्हणूनच ठाऊक आहे, त्यांना आमचा तेव्हाचा परिसर थोडा सांगायला हवा. खैरानी रस्त्याच्या दोन्ही अंगांना लहान लहान कारखान्यांचे गाळे होते. पत्रा ठोकण्याचा आवाज, तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि जरीमरीच्या वस्तीवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने इतकी खाली की बोलणे मध्येच थांबवावे लागे. वडील एका गाळ्यात लेथवर होते. ओव्हरटाइम असला की ते रात्री उशिरा येत, नसला की पगार पुरत नसे. १९७७ साली, मी एक वर्षाचा असताना, आई पॅकिंगच्या कामाला लागली. ताई तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत होती. मला सांभाळायला कोणी तरी हवे होते. ताईची शाळा सुटली. सुटली म्हणजे कोणी ठरवून सोडवली नाही. काही दिवस जाऊ नकोस, असे सांगितले गेले आणि ते दिवस संपले नाहीत. मी पहिलीत गेलो तेव्हा ती चौदा वर्षांची झाली होती. चौथीच्या बाकावर पुन्हा जाऊन बसणार कोण?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ साली बालविकासाच्या परिसराची कल्पना एकात एक असलेल्या वर्तुळांसारखी मांडली. त्यांचा एक मुद्दा मला फार जवळचा वाटतो. मूल ज्या ठिकाणी कधी पाऊलही टाकत नाही, ते ठिकाणसुद्धा त्याला घडवीत असते. उदाहरणार्थ, आईवडिलांच्या कामाची जागा. वडिलांचा गाळा मी आतून कधी पाहिला नाही. पण आमच्या घरात दिवा कधी मालवायचा हे त्या गाळ्यातल्या पाळीवर ठरे. आईच्या कारखान्याची वेळ ताईच्या शाळेच्या वेळेवर येऊन आदळली. परिस्थिती म्हणतात ती अशी, घड्याळाच्या रूपाने, घरात शिरते.

मात्र ती घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. १९८७ साली रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी एका प्रसिद्ध निबंधात हाच प्रश्न विचारला होता: एकाच कुटुंबातली मुले एकमेकांपासून इतकी वेगळी का निघतात? त्यांच्या प्रतिपादनाचा रोख असा की, भावंडे एका छपराखाली वाढली तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारे, इतरांशी सामाईक नसलेले अनुभव हा भेद घडवण्यात मोठा वाटा उचलतात. आमच्या खोलीपुरते बोलायचे तर हे समजायला संशोधनाची गरज नव्हती. आई एक, वडील एक, भिंती त्याच. पण मी कडेवर होतो आणि ताईच्या कडेवर मी होतो. ही दोन बालपणे एक नव्हेत.

आणि मला घडवले कोणी? मी वर्गात आईचे नाव घेत असे. ती पहाटे उठून संध्याकाळी अंधार पडल्यावर परते. दिवसभर माझ्याशी बोलणारी ताई होती. नाक्यावर मला घेऊन उभी राही आणि येणाऱ्या बेस्टच्या बसगाड्यांच्या कपाळावरचे देवनागरी आकडे वाचून दाखवी. शाळेत जाण्यापूर्वी मला आकडे येत होते ते त्यामुळे. गेल्या वर्षी हे मी तिला म्हणालो तेव्हा ती हसली. मग म्हणाली, “तुला शिकवत नव्हते रे. मी विसरू नये म्हणून वाचायचे. तू झोपलास की पाटीपण काढायचे. तू उठलास की ठेवून द्यायचे.”

या वाक्याला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही.

ताराबाई मोडकांनी मात्र त्याचे एक उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले होते. बोर्डीला १९४५ साली आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यातली विकासवाडीची कल्पना पाहा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणायची. म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या थोरल्याला त्याला घेऊनच शाळेत येता येईल. थोरली मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारण त्यांनी आईबापांच्या अज्ञानात शोधले नाही. ते त्यांच्या कडेवर पाहिले. त्यांच्या प्रयोगातला ‘अंगणवाडी’ हा शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. शब्द पोहोचला. पण आई दिवसभर कामावर असेल तर दोन वर्षांचे मूल कोणी सांभाळायचे, हा प्रश्न आजही पुष्कळ घरांत घरातल्या घरात सोडवला जातो, आणि तो सोडवण्यासाठी बहुधा थोरल्या मुलीचा हात धरला जातो. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा तिचे नाव पटावर ठेवू शकतो; तिची सकाळ मोकळी करू शकत नाही.

आईचे श्रेय मी काढून घेतो आहे असे कृपया समजू नये. तिच्यासमोर दोन मुले होती आणि पगार अपुरा होता. तिने जे केले ते तिच्या जागी मीही केले असते. माझी तक्रार माझ्याच विधानाबद्दल आहे. ‘संस्कार’ या शब्दाने मी एक हिशेब झाकून टाकला होता. घराने मला दिले, असे मी म्हणत आलो. घराने ते कोणाकडून घेऊन दिले, हे मी विचारले नव्हते.

‘श्यामची आई’ मी यंदाही शिकवणार आहे. स्वतःचे उदाहरण देताना ताईचे नाव घेईन. आणि सकाळच्या पहिल्या तासाची हजेरी आता मी तास संपताना घेतो.